हातांनी रचलेला डोंगर : दोरू नदीच्या खोऱ्यातील द्राक्षमळे

युरोपातील डोंगराळ प्रदेशांची वर्णने मराठीत आजवर पुष्कळ झाली आहेत. हिमाच्छादित शिखरे, निळी सरोवरे आणि देवदारांची वने यांविषयी वाचून वाचून आपल्या घरांतील मुलांसही स्वित्झर्लंड आता परके वाटत नाही. परंतु ज्या डोंगरांकडे आज आम्ही वाचकांस नेणार आहोत, त्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही. त्यांच्या माथ्यावर कायमचे बर्फ नाही, पायथ्याशी सरोवर नाही. आणि उंचीचे म्हणाल, तर त्या बाजूचा मोठा पर्वत जो मारांव, तोही १,४१५ मीटरच, म्हणजे आपल्या कळसूबाईहून ठेंगणा आहे. असे असूनही २००१ साली युनेस्कोने या खोऱ्याची जागतिक वारशात गणना केली. निसर्गाने दिलेल्या शोभेसाठी हा मान मिळाला नाही. मनुष्याने पिढ्यान्‌पिढ्या खपून जी भूमी घडविली, तिच्यासाठी मिळाला.

हा प्रदेश म्हणजे पोर्तुगालच्या उत्तरेकडील दोरू नदीचे खोरे. 'पोर्ट' या नावाने जगभर प्रसिद्ध असलेली गोड द्राक्षमदिरा येथील द्राक्षांची होते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी या पदार्थास उंबरठ्याच्या आत प्रवेश नसेल हे आम्ही जाणून आहोत, आणि मद्याची महती गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. गोव्यातील दुकानांत याच नावाने जी गोड वाइन मिळते, तिचा या खोऱ्याशी नावापलीकडे संबंध नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. आम्हांस कुतूहल होते ते तेथील डोंगरांवरच्या भिंतींचे, आणि त्या भिंती उभ्या ठेवणाऱ्या माणसांचे.

दोरू नदी स्पेनमध्ये उगम पावते आणि सुमारे ९०० किलोमीटरांचा प्रवास करून पोर्तो शहरापाशी अटलांटिक महासागरास मिळते. पोर्तोहून एक आगगाडी या नदीच्या उलट दिशेने, पूर्वेकडे, डोंगरांत शिरते. हा लोहमार्ग १८८७ साली स्पेनच्या सरहद्दीपर्यंत पोचला होता. त्याचा शेवटचा तुकडा १९८८ साली बंद झाला आणि आता गाडी पोसिन्यो या ठाण्यापाशी थांबते. आम्ही सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात या गाडीने निघालो. सुरुवातीस खिडकीबाहेर कोकणासारखी हिरवळ, परसांतून मक्याची शेते आणि घराभोवती मांडवांवर चढविलेले वेल दिसत होते. पुढे गाडी एका वळणावरून खाली उतरली आणि उजव्या हातास नदी आली ती आमची सोबत सोडीना. जसजसे आत जावे तसतशी हिरवळ ओसरू लागली, हवा तापली आणि डोंगर पिंगट झाले.

या बदलाचे कारण मारांव पर्वत. समुद्रावरून येणारे ओले वारे तो अडवितो. महाबळेश्वरावर धोधो पाऊस पडावा आणि तेथून पूर्वेस थोड्याच कोसांवर माण-खटावात लोकांनी आभाळाकडे डोळे लावून बसावे, तसाच हा प्रकार आहे. खोऱ्याच्या पश्चिम टोकास वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस होतो. पूर्वेस सरहद्दीकडे तो निम्म्यावर येतो. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. वर्षातले नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, अशी येथील हवेविषयी लोकांतच म्हण आहे. आणखीही एक म्हण आम्ही ऐकली : मारांवच्या पलीकडे राज्य त्यांचे, जे तेथे राहतात. लिस्बनच्या राजांचे हुकूम या डोंगरांत फारसे पोचत नसत, तेव्हाचा तो स्वाभिमान आहे. या दुसऱ्या म्हणीकडे आम्हांस पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

रेग्वा हे या मुलखातील व्यापाराचे गाव. तेथून पिन्यांवपर्यंतचा पाऊण तासाहूनही कमी असलेला प्रवास आम्ही दारापाशी उभे राहूनच केला. नदीच्या दोन्ही तीरांवरून डोंगर सरळ वर चढत गेलेले, आणि पाण्यापासून माथ्यापर्यंत त्यांवर दगडी पायऱ्याच पायऱ्या. जणू एखाद्या अतिविशाल घाटाच्या. प्रत्येक पायरीवर वेलींची एक, दोन किंवा चार रांगा. आपल्याकडे नाशिकच्या बाजूस द्राक्षांचे मळे सपाटीवर, मांडवांखाली सावली धरून असतात. येथे वेल कमरेइतका बुटका, उन्हात उघडा, आणि त्याच्या बुडाशी मातीपेक्षा दगडच जास्त.

हा दगड म्हणजे शिस्ट. आपल्या जुन्या शाळेच्या पाटीचा जवळचा नातलग. त्याचे थर या खोऱ्यात बहुतेक उभे असतात आणि त्यांच्या फटींतून वेलीची मुळे कित्येक मीटर खोल जातात. पावसाळी महिन्यांत मुरलेले पाणी तेथे त्यांस उन्हाळाभर पुरते; दिवसा तापलेला दगड रात्री ऊब देतो. परंतु ही सोय आयती मिळालेली नाही. पहारींनी व सुरुंगांनी खडक फोडावयाचा, मोठे दगड वेचून त्यांची भिंत रचावयाची, आणि उरलेला चुरा तिच्यामागे भरून त्यास माती म्हणावयाचे, अशा रीतीने हे डोंगर लागवडीस आले. भिंतीत चुना नाही की सिमेंट नाही. कोकणातील गडगा ज्याने पाहिला आहे, त्यास तिची रचना निराळी समजवावी लागणार नाही. दगडावर दगड असा बसवावयाचा की पाण्यास वाट मिळावी, मातीस मिळू नये. सर्वांत जुन्या भिंतींत आम्हांस ओळीने चौकोनी भोके दिसली. पूर्वी वेल या भोकांत लावीत. पायरीवरील चार हात जमीन धान्यासाठी मोकळी राही. घरात तोंडे पुष्कळ आणि जमीन थोडी, म्हणजे मनुष्य भिंतीलाही नांगरावयास कमी करीत नाही.

या भिंती बांधणारे बहुतांशी स्पेनच्या गॅलिशिया प्रांतातून पोटासाठी आलेले मजूर होते. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. नाव कोरले गेले ते मार्क्विस द पोंबाल या मुत्सद्द्याचे. १७०३ सालच्या मेथ्यूएन तहाने पोर्तुगालच्या वाइनला इंग्लंडात जकातीची सवलत मिळाली, मागणी वाढली आणि मागणीबरोबर भेसळही वाढली. तेव्हा पोंबालने १७५६ साली एक सरकारी कंपनी स्थापन केली, आणि कोणत्या उतारावरील द्राक्षे या मदिरेस चालतील याच्या सीमा ठरवून तेथे ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक खांब रोवविले. शेतमालाच्या उगमस्थानाची कायद्याने सीमा आखून देण्याचा जगातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांत याची गणना होते. हाच पोंबाल गोमंतकाच्या इतिहासातही भेटतो : १७५९ साली जेझुइटांची हकालपट्टी आणि १७७४ साली गोव्यातील इन्क्विझिशनची तात्पुरती का होईना समाप्ती, ही त्याच्याच अमलातील कृत्ये. कारभार कडक आणि कित्येकदा क्रूर. परंतु त्याने रोवविलेले काही खांब आजही मळ्यांच्या कडेस उभे आहेत.

खांबांनी भेसळ अडविली, पण किडीस सीमा कोण घालणार? १८६० नंतरच्या दशकात फिलॉक्सेरा नावाचा डोळ्यांस जेमतेम दिसणारा किडा अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर युरोपात शिरला आणि वेलींची मुळे शोषू लागला. दोरूच्या खोऱ्यात मळ्यांमागून मळे वाळले. पुष्कळ कुटुंबे गाव सोडून ब्राझीलला गेली. त्यांच्या सोडलेल्या पायऱ्या आजही आहेत. लोक त्यांना 'मोर्तोरियो' म्हणतात, म्हणजे जवळजवळ मसणवटाच. वरून झुडपे माजलेली, मधूनच एखादे ऑलिव्हचे झाड, आणि खाली भिंतींच्या रेषा अजून दिसताहेत, असे ते उतार पाहून मन उदास होते. अखेर उपाय सापडला तोही अमेरिकेचाच : तेथील जंगली वेलीच्या मुळावर किड्याचे काही चालत नाही, तेव्हा तिच्या खुंटावर युरोपातील वेलीचे कलम बांधावयाचे. आज आमचे नाशिक-सांगलीकडील बागाईतदार 'डॉगरिज' या अमेरिकन खुंटावर कलमे बांधतात, ती पाण्याचा ताण व खारवट जमीन सोसावी म्हणून. परंतु परक्या मुळावर आपला वेल चढविण्याची विद्या व्यापक झाली ती या किड्याच्या धाकामुळेच.

या पडत्या काळात खोऱ्यास ज्यांनी धीर दिला त्यांत एका स्त्रीचे नाव सर्वांत पुढे येते. दोना आंतोनिया फरेरा यांचा जन्म १८११ सालचा. १८४४ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्यांस वैधव्य आले. पदरी दोन मुले आणि मळ्यांचा मोठा पसारा. ज्या काळी आपल्याकडील विधवेस माजघराच्या बाहेर येण्याची चोरी होती, त्या काळी ही बाई डोंगर चढून मळ्यांची पाहणी करीत असे. एका बलाढ्य सरदाराने आपल्या मुलासाठी त्यांच्या लहानग्या मुलीस मागणी घातली, तेव्हा नकार देऊन, मुलीस घेऊन त्या लंडनला निघून गेल्या, असे सांगतात. किडीच्या वर्षांत इतर लोक जमिनी फुंकून टाकीत असता त्यांनी पूर्वेकडील ओसाड भागात नवे मळे उभे केले आणि शेकडो मजुरांना काम दिले. १८९६ मध्ये त्या वारल्या. खोऱ्यातील लोक अजून त्यांचा उल्लेख 'फरेरिन्या' या लाडक्या नावाने करतात. आपण 'आमच्या फरेराबाई' म्हणावे तसा.

आम्ही गेलो तेव्हा तोडणीचा हंगाम ऐन भरात होता. पूर्वी या दिवसांत डोंगरमाथ्यावरील गरीब गावांतून स्त्रीपुरुषांच्या टोळ्या पायी खाली उतरत. पुढे ढोल आणि बाजा वाजत असे. बायकांनी घड तोडावयाचे आणि पुरुषांनी साठ-साठ किलोंच्या टोपल्या पाठीवर घेऊन त्या पायऱ्या चढावयाच्या-उतरावयाच्या. रात्री तेच पुरुष ग्रॅनाइटच्या रुंद हौदांत उतरत. खांद्यावर हात टाकून, रांग धरून, हुकुमाच्या तालावर दोन-तीन तास द्राक्षे पायांनी तुडवावयाची. मग 'मोकळीक' पुकारली की बाजा सुरू होई आणि हौदातच नाच चाले. काही मळ्यांत ही चाल अजून आहे. पुष्कळ ठिकाणी ते काम यंत्रे करतात. रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षांचाच कडक अर्क मिसळून आंबणे थांबवितात, म्हणून साखर शिल्लक राहते. त्या गोडीचे रहस्य एवढेच. चित्रांतून हा सोहळा मोठा रम्य दिसतो. त्याची दुसरी बाजू पाहावयाची तर याच डोंगरांत जन्मलेले डॉक्टर आणि साहित्यिक मिगेल तोर्गा यांची १९४५ सालची 'विन्दिमा' म्हणजे 'द्राक्षतोडणी' ही कादंबरी आहे. तिच्यात या मजुरांचे हाल आले आहेत.

एका मळ्याच्या कडेने जात असता रांगेच्या पलीकडून आमच्या कानांवर हिंदी शब्द पडले. पाहतो तो कात्री चालवीत चार तरुण उभे. दोघे पंजाबातले, दोघे नेपाळचे. अलीकडे या खोऱ्यात आपल्या बाजूचे मजूर पुष्कळ येऊ लागले आहेत, कारण टोळ्या पाठविणारी ती डोंगरमाथ्यावरची गावे आता ओस पडत चालली आहेत. कामाची विचारपूस केली तेव्हा एकजण हसून म्हणाला, "उतरणं कठीण आहे, चढणं नाही." आम्ही दोन तासांनंतर त्या म्हणण्याची सत्यता गुडघ्यांनी अनुभवली.

एवढे कष्ट या डोंगरांत होतात. नाव मात्र पोर्तो शहराचे. पूर्वी नवी मदिरा पिंपांत भरून सपाट तळाच्या 'राबेलो' नावेतून, मोठ्या सुकाणूच्या वल्ह्याने सावरीत, खाली पोर्तोसमोरच्या विला नोवा द गाया येथील वखारींत नेत. नदी तेव्हा खडकाळ आणि धावरी होती. ज्याने १८४८ मध्ये या नदीचा उत्कृष्ट नकाशा प्रसिद्ध केला तो फॉरेस्टर नावाचा इंग्रज व्यापारी १८६१ साली वालेइरा येथील धावेत नाव उलटून बुडाला. त्याच नावेत दोना आंतोनियाही होत्या. त्यांच्या फुगीर घागऱ्याने त्यांस तरंगत ठेविले, असे लोक सांगतात. १९७० नंतर नदीवर एकामागून एक धरणे झाली, धावा पाण्याखाली गेल्या, आणि आता तेथून पांढऱ्या शुभ्र प्रवासी बोटी संथपणे जातात. मदिरेची परदेशी निर्यात गायामधूनच झाली पाहिजे हा नियमही १९८६ पर्यंत टिकून होता. पिकविणारा वर आणि नाव खाली, ही आपल्याकडील शेतकऱ्यासही अपरिचित गोष्ट नाही.

खोऱ्यातील गावे नदीकाठापेक्षा माथ्यावर अधिक. पिन्यांव मात्र अगदी पाण्याजवळ. त्याच्या ठाण्याच्या भिंतींवर १९३७ साली बसविलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रे आहेत आणि त्यांत तोडणी, टोपल्या, नावा सर्व काही आले आहे. तेथून वर फावायोस गावी आम्ही गेलो. हे गाव लाकडाच्या भट्टीतील भाकरीसाठी प्रसिद्ध आहे. भट्टीवालीने 'पांव' म्हणून हातात गरम भाकरी ठेवली तेव्हा आमच्या पावाचे माहेर हेच, याची गंमत वाटली. पाव, पगार, चावी, बटाटा हे शब्द याच लोकांनी आपणांस दिले. आणि ज्यातून आपण माती वाहतो ते घमेलेही.

प्रोवेसेंद हे माथ्यावरचे असेच एक जुने गाव. दगडी वाडे, मध्ये कारंजे आणि चौकात न्यायस्तंभ. त्याच्या खालच्या उतारावर आम्हांस पंचाहत्तरीच्या घरातील एक गृहस्थ पडलेली भिंत रचताना भेटले. त्यांची पुतणी रेग्व्याच्या शाळेत शिक्षिका; तिने दुभाष्याचे काम केले. त्यांची जमीन दोन हेक्टरांची. खोऱ्यातील अठरा-एकोणीस हजार द्राक्षवाल्यांपैकी बहुतेकांची अशीच आहे. एकुलता मुलगा लक्झेंबर्गला मालमोटार चालवितो आणि ऑगस्टात पंधरा दिवस येतो. "पडला दगड त्याच हिवाळ्यात उचलावा लागतो," ते म्हणाले. "पुढच्या वर्षावर टाकला, तर एका दगडाचे वीस होतात." मुलाचे म्हणणे पडले की भिंती सोडून द्याव्यात, किंवा यंत्र आणून उतार कापून मातीचे बांध करावेत. असे मातीचे टप्पे १९७० नंतर पुष्कळ झाले आहेत. त्यांवर छोटा ट्रॅक्टर चालतो आणि मजुरी वाचते. परंतु दगडाची भिंत जशी पाण्यास वाट देऊन माती धरून ठेवते, तशी बांधाची माती मुसळधार पावसात टिकेलच असे नाही. शिवाय जुन्या भिंती पाडण्यास वारशाच्या नियमांचा अडसर आहे.

हिशेबही प्रतिकूल झाला आहे. किती रस पोर्टमध्ये रूपांतरित करावयाचा याचा आकडा सरकारी संस्था दरवर्षी ठरविते, कारण त्या द्राक्षांस चांगला भाव मिळतो. २०२३ साली हा आकडा १ लाख ४ हजार पिंपे होता. २०२५ साली ७५ हजारांवर आला. जगात या गोड मदिरेचा खप कमी होत आहे. ज्यांस आपल्यासारखे मद्यपान गैर वाटते, त्यांनी या बातमीने संतोष मानावा हे साहजिक आहे. आम्हीही त्याबद्दल शोक करणार नाही. परंतु खप कमी झाल्याचा पहिला आघात पिणाऱ्यावर होत नाही. तो भिंत रचणाऱ्या त्या म्हाताऱ्या हातांवर होतो, हेही तितकेच खरे.

घरी नेऊन त्यांच्या पत्नीने ऑलिव्ह आणि भाकरी पुढे ठेविली. आम्ही ते पेय घेत नाही असे कळताच बाईंनी हसून द्राक्षांचा ताजा रस आणला. मग चौकशी सुरू झाली : घरी माणसे किती? सासू आहे काय? मुले कोठे असतात? आमच्या घरी तीन पिढ्या एका छपराखाली असतात हे ऐकून त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी भिंतीवरील एका पिवळ्या पडलेल्या छायाचित्राकडे बोट दाखविले. त्यात याच घराच्या पायऱ्यांवर सतरा माणसे उभी होती. "आमच्याकडेही असेच होते," एवढेच त्या बोलल्या.

मारांवच्या पलीकडे राज्य त्यांचे, जे तेथे राहतात. परंतु राहणारेच उरले नाहीत तर ते राज्य कोणाचे? जमीनजुमला, वाडा, दागिने ही वडिलार्जित मिळकत कुलूप लावून ठेवता येते. या खोऱ्यातील मिळकत तशी नाही. ती प्रत्येक पिढीने दगडन्‌दगड पुन्हा उचलून घ्यावी लागते. आपल्या मोठ्या घरांची गोष्टही पुष्कळशी अशीच आहे. ती पूर्वजांच्या पुण्याईवर उभी आहेत असे आपण म्हणतो खरे, परंतु रोज कोणीतरी पहाटे उठून त्यांचा एखादा निसटलेला दगड जागेवर बसवीत असते आणि बहुधा त्या व्यक्तीचे नाव कोठे लिहिलेले नसते.

जानेवारीत त्या शिक्षिकेचे पत्र आले. आम्ही पाहिलेली भिंत काकांनी पुरी केली. डिसेंबरच्या पावसात तिच्या खालची दुसरी बसली. ती यंदा त्यांच्याने होणार नाही. मुलाने ईस्टरला आठ दिवस येण्याचे कळविले आहे, आणि येताना हातमोजे आणतो, असे लिहिले आहे.